स्मृतिभ्रंश आणि आपल्याकडे आधीच असलेली माहिती : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न घेतले आहेत.)



आजच्या विषयात 'डेटा' हा शब्द येतो, त्यामुळे काहींना वाटेल की हे संगणकवाल्यांचं काम आहे. तसं नाही. मी आज मुख्यतः एका कागदाबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी ज्यांची घरं कर्जत किंवा खालापूर तालुक्यात आहेत, त्यांच्या घरी तो बहुधा येऊन गेलेला आहे. आशाताई येतात, ओट्यावर बसतात आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. आरोग्य खात्यात त्याला 'सीबॅक' म्हणतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न. त्यांना गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण आले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच फॉर्ममध्ये पुढे साठीच्या वरच्यांसाठी एक छोटा भाग आहे. चार प्रश्न. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचाल अडेल असं काही शारीरिक अपंगत्व आहे का? जेवण, कपडे, अंघोळ, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? आणि चौथा प्रश्न असा की जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

हा चौथा प्रश्न म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, डिमेन्शियाचा प्रश्न आहे. कुठल्याही विद्यापीठाने नवीन सर्वेक्षण न काढता, नवीन पैसा न ओतता, तो गावोगाव विचारला जातोय. उत्तर 'हो' आलं तर दवाखान्यात पाठवा, अशी सूचनाही फॉर्मवरच आहे. मग त्या 'हो'चं पुढे काय होतं? महिन्याच्या आढाव्यात विचारणा होते ती बीपीची, शुगरची आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. त्या पाच आजारांसाठी औषध आहे, उद्दिष्ट आहे, रकाना आहे. विसरणाऱ्या आजीसाठी आढाव्यात रकाना नाही. ज्या गोष्टीला रकाना नसतो तिचा पाठपुरावा होत नाही, हे सरकारी कामात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता थोडं आजाराबद्दल. आपल्याकडे याला 'म्हातारचळ' म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात. शब्द आहेत, म्हणजे लोकांनी आजार पाहिलेला आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना अशा वृद्धांची वर्णनं सांगून विचारलं की असं कोणी पाहिलंय का. पाहिलंय, असंच उत्तर आलं. पण हे वयाचंच लक्षण आहे, यात डॉक्टरचं काय काम, असंही लोक म्हणाले. म्हणजे ओळख आहे, पण आजार म्हणून नाही. आणि आजार नाही म्हटल्यावर माणूस दवाखान्यात येत नाही. दवाखान्यात येत नाही म्हणून नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून वरचे अधिकारी म्हणतात की आमच्या तालुक्यात असे रुग्णच नाहीत. हे चक्र नीट लक्षात घ्या, कारण आजचं सगळं बोलणं या चक्रात कुठे खीळ घालता येते याबद्दलच आहे.

तर किती रुग्ण असतील? भारतात आज सर्वात भरवशाचा आकडा 'लासी' नावाच्या अभ्यासातून येतो. वयस्कांचा हा देशव्यापी पाहणी-अभ्यास मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षं आणि त्यावरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण होते. त्यातल्या साठीच्या पुढच्या ४,०९६ जणांची स्मृतीसाठी सविस्तर तपासणी झाली. त्यांच्याशी बोलले, घरच्यांशी बोलले, आणि मग डॉक्टरांनी त्यातल्या काही जणांची माहिती वाचून निर्णय दिला. २०२३ साली निष्कर्ष आला : साठीच्या पुढच्या भारतीयांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त.

इथे एक सावधगिरी. मुंबईतच झालेला एक जुना, मोठा अभ्यास आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. त्यात पासष्टीच्या पुढे २.४४ टक्के एवढंच प्रमाण मिळालं होतं. मग वीस वर्षांत आजार तिप्पट झाला का? वर्तमानपत्राला असा मथळा आवडेल, पण तो चूक ठरेल. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. ज्या घरात आजीला स्वयंपाक, बाजार, पैसे यातलं काहीच करावं लागत नाही, सूनबाई सगळं हातात देते, तिथे 'रोजच्या कामात अडचण येते का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच येतं. आजार असतो, पण घर तो झाकून घेतं. जुने अभ्यास आणि नवे अभ्यास हे झाकलेलं किती उघडतात यात फरक आहे. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून वाढ मोजायची नसते.

आता ७.४ टक्के आपल्याकडे लावून बघू. २०११ च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर मिळून चार लाखांच्या वर लोकसंख्या होती. महाराष्ट्रात तेव्हा साठीच्या पुढचे साधारण दहा टक्के होते. म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास ज्येष्ठ, आणि त्यातले अंदाजे तीन हजार स्मृतिभ्रंशाचे. हा कच्चा हिशेब आहे, कारण लासी राज्यांसाठी आकडे देतो, तालुक्यासाठी नाही. शिवाय २०११ नंतर लोकसंख्याही वाढली आहे. पण तीन हजार हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून तो लहान करू. एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती असते. त्यात शंभरेक ज्येष्ठ आणि सात-आठ स्मृतिभ्रंशाचे. आता कुठल्याही आशाताईला विचारा, तुमच्या हद्दीत असे सात-आठ जण आहेत का? त्या बोटांवर मोजून घरं सांगतील. माहिती गावात आहे, फक्त ती वहीतून वर सरकत नाही.

मग सीबॅकमधले सगळे 'हो' गोळा केले की काम झालं का? नाही. त्या प्रश्नाचे दोष बघायला हवेत.

पहिला दोष म्हणजे तो फार उशिराचा प्रश्न आहे. जवळच्यांची नावं विसरायला लागणं ही पुढची पायरी. त्याआधी दोन-तीन वर्षं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, पैशाचा हिशेब चुकतो, भाजीत दोनदा मीठ घालतो. ते या प्रश्नात सापडत नाही.

दुसरा दोष आपल्या संस्कृतीतला. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलेलं नाही. नाव विचारलं की त्या हसतात, पदर तोंडाला लावतात, सुनेकडे बघतात. हे विसरणं नव्हे. आणि 'घराचा पत्ता' म्हणजे काय? खांडसच्या पलीकडच्या ठाकूरवाडीत किंवा एखाद्या कातकरी वाडीत पत्ता नावाची गोष्ट रोज लागतच नाही. तिथे विचारायचं तर 'पाणवठ्यावरून घरी एकट्या येता का, वाट चुकता का' असं विचारायला हवं. असे प्रश्न घडवता येतात, उदाहरण आहे. १९९०च्या दशकात हरियाणात बल्लभगडला निरक्षर वृद्धांसाठी स्मृतीची चाचणी नव्याने बांधली गेली, कारण इंग्रजी चाचणीत लिहा, वाचा, उलटे आकडे मोजा असलं असतं आणि शाळेत न गेलेला धडधाकट माणूसही त्यात नापास होतो. लासीने त्याच वाटेने जात निरक्षरांना चालेल अशी चाचणी वापरली.

तिसरा दोष ऐकण्याचा. कान गेलेले असतात, प्रश्न कळत नाही, उत्तर भलतंच येतं, आणि आपण म्हणतो विसरतात. मोतीबिंदूचंही तसंच. उदासीनतेचंही तसंच, आणि तिचे दोन प्रश्न त्याच सीबॅक फॉर्ममध्ये शेवटी आहेत! म्हणजे एकाच कागदावर नजर, विसर आणि उदासी यांच्या नोंदी आहेत, पण त्या एकत्र वाचल्या जात नाहीत. माझ्या मते पहिलं काम हेच. नवीन काही भरायचं नाही. उपकेंद्रावर जे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, त्यांनी साठीच्या पुढच्यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला 'हो' असलेल्यांची यादी काढायची, त्यातच बीपी-शुगरची आणि उदासीनतेची उत्तरं शेजारी लावायची, आणि त्या घरी जाऊन घरच्या माणसाशी अर्धा तास बोलायचं. कान तपासायचे. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी सांगायची, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसर औषधाने सुधारू शकतो. आणि चालू गोळ्या बघायच्या. सर्दीसाठी सर्रास दिली जाणारी सीपीएम म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकू शकते, हे आपल्याकडे फारसं कोणी मनावर घेत नाही.

आता इतर नोंदींकडे जरा वेगाने जाऊ.

मृत्यूची नोंद. घरी मृत्यू झाला की गावात ग्रामपंचायतीत नोंद होते, आणि डॉक्टरचा दाखला नसेल तर कारण 'वृद्धापकाळ' असं लिहिलं जातं. दवाखान्यात झाला तर डॉक्टर कारणाचं प्रमाणपत्र देतात, त्यात 'हृदयक्रिया बंद' लिहितात. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं! त्यामागे सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला स्मृतिभ्रंश होता, हे खालच्या ओळीत लिहायला जागा असते, ती रिकामी राहते. ही ओळ भरली तर एक पैसाही खर्च न होता माहिती तयार होते.

दुसरी, विमा योजनेची नोंद. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आधी राजीव गांधी जीवनदायी नावाने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि रायगड त्यात होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याची नोंद राज्यातल्या सर्वात जुन्यांपैकी. पण आजी पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तर नोंद हाडाची होते. ती रात्री दोन वाजता घर ओळखू न आल्यामुळे बाहेर चालायला लागली आणि पडली, हे कुठेच येत नाही. खुबा मोडलेल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या घरच्यांना स्मृतीबद्दल दोन प्रश्न विचारले तरी ही योजना शोधण्याचं साधन बनेल.

आणि तिसरी, हरवलेल्यांची. कर्जत आणि खोपोली ही लोकलची शेवटची स्टेशनं. गाडीत बसलेला आणि कुठे उतरायचं विसरलेला माणूस शेवटच्या स्टेशनावर उतरतो. पोलिसांकडे हरवल्याच्या आणि सापडल्याच्या नोंदी असतात. इथे वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे, डॉ. भरत वाटवानी यांचं. त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं काम मुख्यतः रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवण्याचं, स्मृतिभ्रंशाचं नव्हे. पण त्यातून शिकण्यासारखं आहे, कारण माणूस घरी पोहोचतो तो तुकड्या-तुकड्यांच्या माहितीवरून. एक गावाचं नाव, एक नदी, बोलीतला एक शब्द.

आधीच जमलेल्या माहितीतून खरंच काही बदलतं का? इंग्लंडचं उदाहरण देतो. २००९ साली तिथल्या सरकारने प्राध्यापक बॅनर्जी यांच्याकडून एक अहवाल घेतला. स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना गुंगीकडे झुकवणारी मनोविकाराची औषधं दिली जात होती, आणि त्यामुळे वर्षाला अंदाजे १,८०० जास्तीचे मृत्यू होत होते. मग फॅमिली डॉक्टरांच्या संगणकात आधीच असलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००६ साली अशा रुग्णांपैकी १७ टक्क्यांना ही औषधं मिळत होती, २०११ पर्यंत ते प्रमाण ६.८ टक्क्यांवर आलं. आजार बरा झाला नाही, पण आपण करत असलेलं नुकसान दिसलं आणि कमी झालं. धोरण म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं?

दुसरं वेल्सचं, ते तर गमतीचं आहे. तिथे सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. नियम असा की २ सप्टेंबर १९३३ किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळेल, त्याआधीच्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली माणसं, बाकी सगळं सारखं, फक्त लसीचा हक्क वेगळा. संशोधकांनी सात वर्षांच्या नोंदी काढल्या आणि २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं नवं निदान सुमारे एक पंचमांशाने कमी होतं. कोणावर प्रयोग केला नाही. जन्मतारीख आणि दवाखान्याची नोंद, बस. आपल्याकडे जन्मतारीखच '१ जून' असते, शाळेत गुरुजींनी घातलेली, तेव्हा असला अभ्यास इथे करायला थोडा वेळ आहे!

हसण्यावारी नेऊ नका, हा मुद्दा खरा आहे. वयच नक्की नसेल तर पुढची सगळी टक्केवारी डळमळते. म्हातारपणी वय सांगताना आपण दुष्काळ, पूर, कुळकायदा असल्या खुणांवरून सांगतो. नोंद घेणाऱ्याने त्या खुणा लिहून घ्याव्यात.

आता धोक्याची बाजू. यावर मी जरा थांबणार आहे, कारण माहितीचा उत्साह असलेले लोक हे पटकन ओलांडून जातात.

कर्जत-खालापुरात जमिनीचे भाव काय आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. फार्महाऊस, रिसॉर्ट, नवी रेल्वे. सातबाऱ्यावर नाव असलेले आजोबा विसरायला लागलेत, ही बातमी कोणाच्या कामाची असू शकते, विचार करा. अंगठा घेऊन जाणाऱ्याच्या कामाची. आणि उलटही. आजोबांचं डोकं शाबूत आहे, त्यांना जमीन विकायची नाही, पण 'दवाखान्याच्या यादीत नाव आहे, त्यांना काही कळत नाही' असं म्हणणारा पुतण्याही निघू शकतो. म्हणून यादी ही गोष्ट जपून हाताळायची. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाड येतो, आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्यात हक्क म्हणून लिहिलेला आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अशी यादी टाकणं चूक आहे, हेतू कितीही चांगला असो.

आकड्यांतही माणूस उघडा पडतो. चाळीस घरांच्या वाडीचा अहवाल लिहिला की 'सत्तरीच्या पुढची एक महिला रुग्ण', तर ती कोण हे सगळ्यांना कळलं. म्हणून लहान वाड्यांचे आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर एकत्र करायचे, पाचाच्या खालचा आकडा छापायचा नाही. धोरणाला तेवढं पुरतं. कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून किती दिवस मनोविकारतज्ज्ञ यावेत, हे ठरवायला कोणाचं नाव लागत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं. शोधून काढलं आणि पुढे काही दिलं नाही, तर शोधू नये. आशाताईने घरी जाऊन 'तुमच्या आईला स्मृतिभ्रंश आहे' असा शिक्का मारायचा आणि निघून यायचं, हे क्रूर आहे. मग द्यायचं काय? औषधाने हा आजार मागे फिरत नाही. पण गोव्यात तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबं होती. अर्ध्यांच्या घरी प्रशिक्षण दिलेली स्थानिक कार्यकर्ती नियमित जायची, मोठी पदवी नसलेली. ती आजार समजावून सांगायची, त्रासदायक वागणुकीला कसं सामोरं जायचं ते सांगायची, सरकारी योजना कुठल्या लागू होतील ते सांगायची, गरज पडली तर तज्ज्ञांशी गाठ घालून द्यायची. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. सांभाळणारी म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा स्वतः साठीला आलेली बायको. आपल्या तालुक्यांना हेच लागेल. स्कॅन मशीन नंतर.

केरळने २०१४ साली 'स्मृतिपथम्' नावाने राज्याचा कार्यक्रम काढला, दिवसभराची केंद्रं सुरू केली. आपल्याकडे एका जिल्ह्याने, निदान दोन तालुक्यांनी, सीबॅकच्या यादीपासून सुरुवात करायला कोणाची हरकत असावी असं मला वाटत नाही. हरकत एकच ऐकू येईल, आणि ती रास्त आहे : आशाताईंवर आणखी किती लादणार? म्हणून मी पाठपुरावा त्यांच्यावर टाकत नाही. त्यांनी प्रश्न विचारलेला आहे. पुढचं काम पगारी अधिकाऱ्याचं.

प्रश्न घेऊ.

प्रश्न : कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्यांची नोंद कशी होणार?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. सर्वेक्षण जानेवारीत केलं तर वाडीत एक तर कुलूप सापडतं, नाही तर मागे ठेवलेले म्हातारे. म्हणजे कधी ज्येष्ठ निसटतात, कधी ज्येष्ठ सापडतात पण त्यांच्याबद्दल सांगणारं माणूस घरात नसतं, आणि स्मृतिभ्रंशात सांगणारं माणूसच महत्त्वाचं. त्यामुळे या वाड्यांत फॉर्म पावसाळ्यात, लोक घरी असताना भरावेत. शिवाय ज्या म्हाताऱ्या माणसाला भट्टीवर सोबत नेतात, त्याची ओळखीची जागा दर वर्षी सुटते. विसर असलेल्याला याचा फार त्रास होतो. 'स्थलांतर' असा शेरा मारून फॉर्म बंद करू नये, परतीचा महिना लिहावा.

प्रश्न : यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागेल ना? आभा कार्ड वगैरे?

उत्तर : पुढे कधीतरी उपयोग होईल. आज लागत नाही. एका उपकेंद्राखालचे ज्येष्ठ काही शेकड्यांत असतात, त्यातल्या 'हो'वाल्यांची यादी एका वहीत मावते. कुलुपात ठेवायची वही, एवढी अट. सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबू म्हणणं हा काम न करण्याचा सभ्य मार्ग आहे.

प्रश्न : माझी आई विसरते. आशाताईंनी विचारलं तेव्हा मी 'नाही' सांगितलं, कारण गावात बोभाटा नको होता. आता काय करू?

उत्तर : तुम्ही सांगितलंत हे बरं झालं, असं सांगणारी बरीच घरं असतात. उपकेंद्रावरच्या अधिकाऱ्यांना एकटं भेटा आणि सांगा, फॉर्म दुरुस्त होतो. जाताना चार गोष्टी लिहून न्या : पहिल्यांदा कधी लक्षात आलं, हळूहळू वाढलं की एकदम, कुठली कामं आता जमत नाहीत, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. एकदम वाढलं असेल, दोन-चार दिवसांत, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तो जंतुसंसर्ग किंवा दुसरं काही असू शकतं. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथून पुढे पाठवता येतं. जाणं शक्य नसेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ वर आहे. आणि आईच्या पदराला किंवा पिशवीला आतल्या बाजूने तुमचा फोन नंबर शिवून ठेवा, आजच.